सिलिॲक आणि कुरकुरणारं पोट: कॅप्सूल की ताक?

सिलिॲक म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर खराब होणारा आजार. त्यासाठी गहू सोडून वर्ष उलटलं तरी पोट फुगतंच. मग मेडिकलमधली प्रोबायोटिक (पोटाला उपकारक मानलेल्या जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल घ्यावी की घरचं ताक? कॅप्सूलवर कुठला जिवाणू, किती कोटी, हे छापलेलं असतं. ताकात तो हिशेब नाही. पण सिलिॲकमध्ये कॅप्सूलचा फायदा अजून ठामपणे सिद्ध झालेला नाही. शिवाय २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ प्रोबायोटिक तपासली, तर निम्म्याहून जास्त उत्पादनांत ग्लुटेन निघालं. काहींवर चक्क ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं!

ताक स्वस्त आणि ओळखीचं. अडचण लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची: आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत अनेकांना दूध पचत नाही. ताकात लॅक्टोज कमी, तरी काहींना तेही बाधतं.

माझा कल ताकाकडे, पण फोडणी बघून. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. नाशिकच्या मिसळीतला पाव बाजूला सारून नागलीचा पापड घेतला, तरी तर्रीतल्या हिंगाचं काय? लक्षणं रेंगाळण्यामागे बहुतेकदा असं लपलेलं ग्लुटेनच असतं, तेव्हा आधी घरातली हिंगाची डबी उलटून घटक वाचा. प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.