चंदीगडची वेताची खुर्ची, मुक्काम रबाळे

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत एका छोट्या सुतारी कारखान्यात 'चंदीगड खुर्ची' ऑर्डरप्रमाणे बनवून मिळते. हात असलेली खुर्ची, दोन्ही बाजूंना उलट्या व्हीसारखे सागवानी पाय, बैठक आणि पाठ वेताची. तयार जाळी बसवलेली साडेतेरा हजारांना, हाताने विणलेली साडेअठरा हजारांना. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

ही खुर्ची म्हणजे पिअर जानरेच्या जुन्या खुर्चीची नक्कल, म्हणून आधी 'नक्कल' या शब्दाबद्दल. जानरे हा चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टचा चुलतभाऊ. १९५१ ते १९६५ तो चंदीगडमध्ये राहिला आणि नव्या शहराच्या कचेऱ्या, महाविद्यालयं, घरं यांच्यासाठी फर्निचर बेतलं. उर्मिला यूली चौधरी यांच्यासारखे भारतीय आर्किटेक्टही त्या कामात होते. आराखडे एक, बनवणारे सुतार अनेक; त्यामुळे जुन्या खुर्च्याही मापाला एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याच्या १९५६च्या लाउंज खुर्चीचं तसं नाही. तिथे प्लाय साच्यात दाबून वाकवावा लागतो, त्याला रबराच्या चकत्या चिकटवाव्या लागतात, आणि स्वस्त मालात नेमक्या त्याच सुटतात. जानरेची खुर्ची करवत, रंधा आणि पटाशी नीट चालवणाऱ्या कुठल्याही सुताराला जमावी अशीच आहे. म्हणून ती फोटोशी किती जुळते हे बघण्यापेक्षा सुतारकाम बघावं.

इथलं सुतारकाम चांगलं आहे. या खुर्चीचा जीव पायांच्या वरच्या टोकात असतो. माणूस मागे रेलला की दोन्ही पाय फाकू पाहतात आणि सगळा ताण हाताखालच्या सांध्यावर येतो. तिथे नुसता स्क्रू मारला तर तो लाकडाच्या आडव्या कापात, म्हणजे रेषांच्या टोकात जातो. तिथे पकड कमीच असते. वर्षभरात खुर्ची कुरकुरायला लागते. इथे कुसू आणि खाच करून, म्हणजे एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घुसवून, सांधा बसवला आहे. सागाच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्यावा लागतो. तेही इथे करतात. घेताना खुर्ची सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबून बघा. पाय डुगडुगला तर पॉलिश कितीही देखणं असो, परत द्या.

लाकडात मात्र एक खोट आहे. बैठकीच्या चौकटीखाली काही ठिकाणी सागाचा बाहेरचा पांढरट भाग ठेवलेला आढळतो. सागाची कीड-वाळवीला न जुमानण्याची ख्याती आतल्या तपकिरी गाभ्याची; पांढऱ्या भागाला ती लागू नाही. गडद पॉलिशखाली हे झाकलं जातं. तेव्हा पॉलिश चढण्याआधी कच्ची चौकट एकदा बघून यावं. कारखाना नाही म्हणत नाही.

आता पाच हजारांचा फरक. तयार जाळी चौकटीच्या खाचेत गोंद आणि वेताची पट्टी ठोकून बसवतात. काम तासाभराचं, पण जाळी एका बाजूने सुटली की सहसा सगळीच बदलावी लागते. हाताच्या विणीला चौकटीभर भोकं लागतात: साधारण अडीच मिमीच्या वेताला पाच मिमीचं भोक, पंधरा-सोळा मिमी अंतरावर. उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, मग दोन तिरके फेर. वेत अर्धा तास भिजवून ओला विणतात, सुकला की ताणून बसतो. यातली चूक वेतापेक्षा भोकात जास्त होते. भोकाच्या कडा गोल केल्या नाहीत तर समोरच्या कडेचे धागे तिथेच कापले जातात. इथे कडा घासलेल्या आहेत, बोट फिरवून खात्री होते. रोज बसायचं असेल तर हाताची वीणच घ्यावी. तयार जाळी कोपऱ्यात शोभेला ठेवायच्या खुर्चीला पुरे.

खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर विणकाम करून घेऊ नये. वेत सुकत नाही आणि काळी बुरशी धरतो. उलट दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत तो कोरडा होऊन तडकतो. बैठक सैल पडली तर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून दिवसभर सुकू द्यावी, तोवर बसू नये. वरची चकचकीत बाजू पाणी शोषत नाही, तिथून पुसून उपयोग नाही. पंखा पुसायला या खुर्चीवर उभं राहायचं नाही, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

कारखान्याची एक हौस मात्र खटकते. मागच्या पायावर पांढऱ्या रंगात खोटी अक्षरं आणि क्रमांक रंगवून देतात. चंदीगडच्या खुर्च्यांवर त्या-त्या खात्याच्या अशा खुणा असत. पुढे भंगारात निघालेला तो माल परदेशी लिलावांत लाखोंना जाऊ लागला आणि २०११मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्याच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. रबाळ्यात गेल्या महिन्यात बनलेल्या खुर्चीला सरकारी खात्याचा नंबर कशाला? ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा. मागाहून खरवडला तर तेवढ्या जागेचं पॉलिश निघतं आणि डाग राहतो.