कार्बन हार्डटेल फ्रेम : दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आधी फ्रेम कोणती ते सांगते. २९ इंची चाकांच्या माउंटन सायकलची कार्बन हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, मध्यम माप. मोठ्या कंपनीची नाही. एकाच साच्यातून निघालेली फ्रेम तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, त्यातली ही. मागे १२×१४८ मिमी बूस्ट ॲक्सल (चाकाचा रुंद आस), ७३ मिमीचं आट्यांचं बीएसए बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस ज्यात फिरतो ते), यूडीएच हँगर (मागचा गिअर टांगायचा तुकडा), ३१.६ मिमीचा सीटपोस्ट (सीटची दांडी), केबली सगळ्या आतून. पुढे १२० मिमी दबणारा फोर्क. वापर सुमारे २,६०० किमी : पुण्याभोवतीच्या टेकड्या, मावळातल्या गाडीवाटा, मुरूम, काळी माती आणि सुटे दगड. चालवणाऱ्याचं वजन ७४ किलो.

फ्रेम चांगली आहे आणि अजून धडधाकट आहे. पण कार्बनबद्दल सगळे विचारतात तो प्रश्न चुकीच्या जागी असतो. ‘खड्ड्यात आपटली तर मोडेल का?’ असं विचारतात. चांगल्या फ्रेमच्या नळ्या ते सहज सोसतात. आयएसओ ४२१० या प्रमाणकात माउंटन बाइकच्या फ्रेमला पेडलवर १,२०० न्यूटनचा भार एक लाख वेळा देऊन तपासतात. कार्बनचं आयुष्य ठरतं ते धातू त्याला जिथे चिकटतो, आवळतो किंवा घासतो तिथे. सीट क्लॅम्प (सीटपोस्ट आवळणारा पट्टा), हेडसेटची, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगची बैठक, बाटलीच्या स्टँडचे स्क्रू, टायरजवळची चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी). दहा महिन्यांत जे काही लक्ष द्यावं लागलं ते सगळं याच जागांवर.

याचं कारण बांधणीत आहे. रेझिनमध्ये आधीच भिजवलेल्या कार्बन कापडाचे तुकडे वेगवेगळ्या कोनांत साच्यात रचतात, आत फुगा भरून दाब देतात आणि तापवून पक्कं करतात. तंतूच्या दिशेने ताकद अफाट. टोरे कंपनीच्या टी७०० या कार्बन तंतूची ताणशक्ती ४,९०० मेगापास्कल आहे. पण दोन थरांच्या मध्ये तंतू नसतोच, असतं ते नुसतं रेझिन. बाहेरून चिमटल्यावर किंवा एका बिंदूवर दाबल्यावर थर सुटतात ते तिथेच. म्हणून ‘टी१०००’ असं लिहिलेल्या स्टिकरला भुलू नका. अख्खी फ्रेम एकाच तंतूची नसते, आणि आतले थर सुरकुतले असतील तर भारी तंतूही उपयोगाचा नाही.

ते आत बघता येतं, आणि बघायलाच हवं. मोबाइलला जोडायचा ५.५ मिमीचा एंडोस्कोप (वायरच्या टोकाचा कॅमेरा) हेड ट्यूबमधून, म्हणजे हँडलखालच्या नळीतून, आणि बॉटम ब्रॅकेटमधून आत सोडला. हेड ट्यूबच्या मागची बाजू गुळगुळीत होती. चेनस्टे बॉटम ब्रॅकेटला मिळते तिथे उथळ सुरकुत्या होत्या, पण रेझिनचे गोळे किंवा कोरडे, पांढरट तंतू नव्हते. कोरडे तंतू दिसले तर फ्रेम परत करावी, त्यात भीड नको. डाउन ट्यूबमध्ये (हेड ट्यूबकडून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या नळीत) मात्र फुग्याच्या प्लास्टिकचा वीतभर तुकडा लोंबत होता. तो लांब चिमट्याने काढला. राहिला असता तर केबल ओवताना अडकला असता आणि नंतर पावसाळ्यात पाण्याच्या वाटेत बोळा होऊन बसला असता.

सरळपणा दोऱ्याने तपासा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या जागेपासून) दोरा हेड ट्यूबभोवती फिरवून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा आणि दोन्ही बाजूंना सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर मोजा. इथे फरक अर्धा मिमी निघाला. एक मिमीपर्यंत चालतं. कार्बन वाकवून सरळ करता येत नाही, त्यामुळे त्याहून जास्त असेल तर जोडणी सुरू करण्याआधीच विक्रेत्याशी वाद घाला.

आता जोडणी. बॉटम ब्रॅकेटला उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा, ७३ मिमीच्या शेलला बॉटम ब्रॅकेट शिमानो कंपनीचं असेल तर २.५ मिमीची एकच रिंग, तीही उजवीकडे. दोन्ही कप हाताने शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. या फ्रेममध्ये डावा कप दीड फेऱ्यांनंतर अडला, कारण आट्यांत रंगाचे शिंतोडे बसले होते. असा कप पान्याने रेटला तर कार्बनमध्ये चिकटवलेली ॲल्युमिनियमची बाही सुटू शकते. आटे पाडायचा टॅप फिरवून ते साफ केले, ग्रीस लावलं, ४० न्यूटन-मीटरवर (हे आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) बसवलं. शिमानोची मर्यादा ३५ ते ५० आहे. दहा महिन्यांत इथून एकदाही करकर आली नाही, आणि याचं श्रेय आट्यांना आहे. प्रेसफिटची, म्हणजे आट्यांशिवाय बेअरिंग दाबून बसवायची फ्रेम स्वस्तात मिळत असली तरी आपल्या चिखलात आट्यांचंच बॉटम ब्रॅकेट घ्यावं, हे माझं ठाम मत.

हेडसेटमध्ये बेअरिंग थेट कार्बनच्या बैठकीत बसतं. बदलायचं बेअरिंग घेताना नुसता व्यास सांगून भागत नाही, त्याच्या कडेला कोरलेले कोन वाचा. ३६×४५ आणि ४५×४५ ही बेअरिंगं हातात सारखीच वाटतात. चुकीचं बसवलं की ते बैठकीच्या कडेवरच टेकतं, आधी कुरकुर करतं आणि मग कार्बन खातं. वरच्या टोपीचा स्क्रू फक्त ढिलाई घालवण्यापुरता. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे करा, बोट खालच्या कपाच्या फटीवर ठेवा. तिथे टकटक जाणवणं थांबलं की पुरे. मग स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू आलटून पालटून ५ न्यूटन-मीटरवर, किंवा स्टेमवर जो आकडा छापला असेल त्यावर.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सीटपोस्टने. ड्रॉपर, म्हणजे चालवताना कळ दाबून खालीवर होणारा सीटपोस्ट बसवला, क्लॅम्पवर छापल्याप्रमाणे ६ न्यूटन-मीटरवर आवळला, आणि ड्रॉपर वर यायला आळस करायला लागला. अशा वेळी माणूस ड्रॉपरला वर ढकलणारं आतलं काडतूस बदलायला निघतो. दोष काडतुसात नव्हता. कार्बनची सीट ट्यूब पातळ असते, क्लॅम्प तिला चिमटतो, आतली ड्रॉपरची नळी किंचित दबते आणि तिचे बुश (सरकणाऱ्या भागाचे आधार) घट्ट होतात. क्लॅम्प ४ वर आणला की ड्रॉपर झटकन वर यायचा, पण दगडावर बसकण बसली की सबंध पोस्टच खाली घसरायचा. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, कार्बन पेस्ट. तिच्यातले बारीक कण घर्षण वाढवतात आणि कमी आवळूनही पकड राहते. सीट ट्यूब आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पेस्टचा पातळ थर दिला, क्लॅम्पची चीर फ्रेमच्या चिरेसमोर न ठेवता विरुद्ध बाजूला फिरवली आणि ४.५ वर थांबले. पोस्टवर टेपची खूण केली होती. तीन महिन्यांत ती हलली नाही.

पोस्ट निदान १०० मिमी आत हवा. आणि महिन्यातून एकदा तो बाहेर काढायचाच, विशेषतः कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ सायकल असेल तर. ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यामध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम गंजतं. तो पांढरा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, आणि पोस्ट नळीत असा अडकतो की शेवटी कापून काढावा लागतो. घामही खाराच असतो, त्यामुळे डोंगराकडच्या लोकांनी निर्धास्त राहू नये.

हीच गोष्ट बाटलीच्या स्टँडच्या एम५ स्क्रूंची. ग्रीस लावा आणि २ ते ३ न्यूटन-मीटरवर थांबा. कोरडा स्क्रू आत जाम होतो आणि काढताना स्क्रूबरोबर कार्बनमधली चकतीच गोल फिरायला लागते. ती पुन्हा पक्की करणं हे घरचं काम नाही.

यूडीएच हँगरचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, टॉर्क २५ न्यूटन-मीटर. सवयीने उजवीकडे फिरवून ‘आवळला’ तर तो ढिला होतो आणि गिअर उगाचच चुकायला लागतात. ब्रेकचा कॅलिपर बसतो त्या पोस्ट माउंटवर रंगाचा जाड थर होता, त्यामुळे कॅलिपर तिरका बसत होता आणि रोटर घासत होता. धातूवरचा तेवढा रंग ब्लेडने खरवडला, मग ७ न्यूटन-मीटर. आतल्या केबलींना फोमची नळी घाला. नाहीतर उतारावर डाउन ट्यूबमध्ये जो खडखडाट होतो त्यात खरा धोक्याचा आवाज ऐकूच येत नाही.

आता पावसाळा. मागे २.४ इंची टायर बसवल्यावर चेनस्टेपाशी दोन्ही बाजूंना ६ मिमी फट उरते. कागदावर ती पुरेशी आहे, काळ्या मातीत नाही. काळी माती टायरला चिकटते, तिच्यात मुरमाचे खडे बसतात, आणि चाकाची सँडपेपरची चकती होते. जुलैतल्या एकाच चिखलाच्या फेरीनंतर उजव्या चेनस्टेच्या आतल्या बाजूचा चकचकीत लेप नखाएवढ्या जागेत उडाला आणि खाली राखाडी प्रायमर दिसला. प्रायमरपर्यंत ठीक. त्याखाली काळं, विणीचं कापड दिसायला लागलं आणि बोटाला काळी पूड लागली तर तंतू झिजतोय, तिथे थांबायलाच हवं. घासलेली जागा साफ केली, इपॉक्सीचा पातळ हात दिला आणि वरून रबरी मॅस्टिक टेप चिकटवली. मागे २.२५ चा टायर घातला. पुढे २.४ राहू द्या, तिथे जागा भरपूर आहे. चिखल साचून चाक जड झालं की उतरून काडीने काढावा. रेटून पुढे जाण्याची किंमत चेनस्टे मोजते.

दुसरा शत्रू पाणी. केबलच्या भोकांतून, सीट क्लॅम्पच्या चिरेतून ते आत येतं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी साठतं. तिथे खाली निचऱ्याचं ५ मिमीचं भोक आहे. ऑगस्टमध्ये सायकल उचलली तर आत डचमळल्याचा आवाज. भोक चिखलाने पक्कं बुजलं होतं. स्पोकच्या तुकड्याने टोचलं आणि अर्धा पेलाभर गढूळ पाणी बाहेर आलं. कार्बनला पाण्याने काही होत नाही, पण बेअरिंगला होतं. डावं बेअरिंग सप्टेंबरअखेर खरखरायला लागलं, बदलावं लागलं. आता प्रत्येक ओल्या फेरीनंतर भोक टोचणं ठरलेलं. हेडसेटचं खालचं बेअरिंग पावसाळ्याच्या मध्यावर एकदा काढून, पुसून, बाहेरून ग्रीसचा जाड कडा लावून बसवलं. ते अजून गुळगुळीत फिरतं.

धुताना बादलीभर पाणी, भांडी घासायचा पातळ साबण, मऊ ब्रश. वॉशिंग सेंटरचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतो. रॉकेल किंवा डिझेल चेनपुरतं वापरा, तेही चेन काढून डब्यात. स्टँडवर सायकल लावताना नळी कधीही जबड्यात धरू नका, सीटपोस्ट धरा. वरची नळी मधोमध इतकी पातळ असते की अंगठ्याने दाबली तर किंचित लवते. गाडीच्या मागच्या रॅकवर तीच नळी पट्ट्याने करकचून बांधणं हेही त्यातलंच. चाकं धरणारा रॅक घ्या.

डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला पहिल्याच दिवशी पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म लावली होती. पुढच्या टायरने उडवलेल्या दगडांचे तिच्यावर अकरा ठसे आहेत, एक फिल्म फाडून रंगापर्यंत गेलेला. असा घाव दिसला की तपासणी ठरलेली : टॉर्च तिरपी धरून कडा बघा. मग एक रुपयाच्या नाण्याने घावाभोवती टिचक्या मारत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे बद्द येतो. मात्र तुलना त्याच नळीच्या शेजारच्या भागाशी करा, कारण जाडी बदलली की आवाजही बदलतो. मग कापसाचा बोळा फिरवा, तुटलेला तंतू त्याचे धागे ओढतो. शेवटी अल्कोहोलने पुसा. वरवरचा ओरखडा लगेच वाळतो, खोल तड्यात ओल रेषेसारखी टिकते. इथला घाव रंगापुरता निघाला. खरा तडा असता तर फेविक्विक किंवा एम-सीलने काहीही साधलं नसतं. ते भार वाहत नाहीत, फक्त तडा झाकतात. दुरुस्ती म्हणजे तड्याभोवतीचे थर उतरते घासून त्यावर त्याच दिशांनी नवे थर चढवणं, आणि ते रोज करणाऱ्याकडूनच करून घ्यावं.

चालवताना कशी वाटते? पेडलला उत्तर लगेच मिळतं, चढावर ते जाणवतं. ‘कार्बन धक्के पितो’ हे मात्र हार्डटेलबाबत फारसं मनावर घेऊ नका. मागच्या टायरमध्ये २६ ऐवजी २३ पीएसआय ठेवल्यावर जो फरक पडला, तेवढा फ्रेमने पडला नाही. ट्यूबलेस करून आधी हवा नीट ठरवा. फोर्कचा सॅग (सायकलवर बसल्यावर तो किती दबतो ते) १८ टक्क्यांवर बरा वाटला. २५ वर नेला तर पुढचा भाग बसतो आणि चढावर वजन चुकीच्या जागी येतं.

सध्या फ्रेमवर लक्ष ठेवण्यासारख्या तीन जागा आहेत : चेनस्टेचा घासलेला भाग, डाउन ट्यूबवरचा घाव आणि सीट क्लॅम्पच्या चिरेच्या टोकाशी रंगातली केसाएवढी रेघ. तिन्हींजवळ कागदी टेप लावून तारीख आणि लांबी लिहिली आहे आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले आहेत. क्लॅम्पजवळची रेघ ऑक्टोबरमध्ये ४ मिमी होती, आजही ४ मिमी आहे. ६ झाली की पोस्ट काढून तिथला रंग खरवडून बघायचं, तोपर्यंत क्लॅम्प ४.५ च्या वर जाणार नाही.