कॉर्डरॉयची वाकळ: शहापुरातील शिवणकामाचा अनुभव

घरातल्या जुन्या कॉर्डरॉय (उभ्या, मखमली रेघांचे जाड कापड) पँटी आणि बेळगावच्या खडेबाजारातून आणलेले दोन मीटर नवे कापड देऊन तिथल्याच शहापूर भागातील एका मावशींकडून मी थंडीपूर्वी वाकळ शिवून घेतली. नवे कापड त्यांनी आधी धुवून, वाळवून मगच कापले, कारण सुती कॉर्डरॉय पहिल्या धुण्यात आटते आणि मग आधीच आटलेल्या जुन्या तुकड्यांशेजारी चुण्या पडतात. या कापडाची लव एकाच दिशेला झुकलेली असते. तुकडे उलटसुलट जोडले, तर एकच रंग कुठे गडद, कुठे फिका दिसतो. मावशींनी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण काढून ही दिशा सांभाळली, हे मला फार मोलाचे वाटले. लव दबू नये म्हणून इस्त्रीही उलट बाजूनेच केली. आत कापसाऐवजी जुनी सुती साडी घातल्याने वाकळ फार जड झालेली नाही. एका ठिकाणी मात्र चार शिवणी एकत्र येऊन गाठ झाली आहे, ती पाठीला टोचते. धुतल्यावर वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा आमच्याकडच्या पावसाळ्यात ती धुवायला काढू नये.