शब्दांची यादी करायची की पोरांच्या मागे राहायचं, फंड कशाला द्यावा?

समजा, मुलं उशिरा बोलतात हे लवकर ओळखायच्या रिसर्चला फंड मिळाला, पण एकाच कामापुरता. एक पर्याय म्हणजे मराठी शब्दांची चेकलिस्ट, पोर त्यातले कुठले शब्द बोलतं ते आईबापांनी भरायचं. इंग्रजीतली अशीच मॅकआर्थर-बेट्स यादी नुसती ट्रान्सलेट करून भागत नाही, कारण आपलं पोर 'मंमं', 'भुर्र', 'गाई गाई', 'बाऊ झाला' असं बोलतं आणि हे धरलंच नाही तर चांगलं बोलणारं पोरही मागे दिसणार, शिवाय कोल्हापूरची आजी आणि नागपूरची आजी तेच शब्द शिकवतील असं थोडीच आहे! फिरून डेटा गोळा करावा लागतो, पण दोनतीन वर्षांत काहीतरी हाताला लागतं.

दुसरा पर्याय, तीच मुलं सहा वर्षांची होईस्तोवर बघत राहायची. महाग काम, लोक घर बदलतात, नंबर बदलतात. पण २४ महिन्यांना ५० शब्दही नसलेली बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात, काही मागेच राहतात, आणि कुठलं पोर कुठे जाणार ते नुसती यादी सांगत नाही.

माझ्या भाच्याच्या वेळी 'मुलगे उशिराच बोलतात' ऐकण्यात दीड वर्ष गेलं, शेवटी कान तपासले तर ऐकूच कमी येत होतं.

मी तरी आधी यादीला पैसे देईन. मुलांची तब्येत तपासणारा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहेच, टीम अंगणवाडीत येते तेव्हा तिच्या हातात आपल्या शब्दांचा कागद असू दे. फक्त बजेटात कानाच्या टेस्टचा खर्च धरा राव.