पोटमाळ्यावर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, उष्णता अडवणारी गादी) बसवलं, एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघून लिहितेय

ठाण्यात चेंदणीतल्या आमच्या घराची कौलं उतरवून वडिलांनी पत्रे टाकले, तेव्हापासून मे महिन्यात पोटमाळ्यावर दुपारी बसवत नव्हतं. माझं शिलाई मशीन तिथेच. घामाने अस्तराचं कापड हाताला चिकटायचं, सॅटिनवर डाग पडायचे.

आधी एकाने पत्र्याला आतून चंदेरी बबल शीट चिकटवून दिली. "ताई, एसी लागणार नाही बघा." चकचकीत बाजू पत्र्याला लावली आणि पांढरी बाजू माझ्याकडे. फॉइल काम करतं ते त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तेव्हा. पत्र्याला घट्ट चिकटलं की पत्र्याची धग सरळ त्यातून खाली येते. जूनमध्ये गोंद सुटून शीट झोळीसारखी लोंबली. सहा हजार पाण्यात.

यंदा मार्चमध्ये वागळे इस्टेटमध्ये जाऊन माल हातात घेऊन बघितला. थर्माकोल स्वस्त, पण वरून वायरिंग गेलंय आणि तो पेटतो, म्हणून नकोच. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं, चांगलं, पण ओलं झालं की त्याचा उपयोग संपतो. रॉकवूलही ओलं होऊ द्यायचं नसतंच, पण आगीत ते ग्लासवूलपेक्षा जास्त तग धरतं. मी 50 मिमी जाडीचा, 48 डेन्सिटीचा (घनमीटरला 48 किलो), एका बाजूला फॉइल असलेला रॉकवूल घेतला. आर-व्हॅल्यू, म्हणजे थर उष्णता किती अडवतो तो आकडा, काढणं सोपं आहे: जाडी मीटरमध्ये घ्या, के-व्हॅल्यूने (मालातून उष्णता किती सहज जाते तो आकडा) भागा. 0.05 भागिले 0.035, म्हणजे साधारण 1.4. नेटवर अमेरिकेतल्या माळ्यांसाठी 30, 38 असे आकडे दिसतात, त्यांनी घाबरू नका. त्यांचं माप वेगळं आहे, आपले 1.4 तिथे 8 होतात. शिवाय तिथे बऱ्याच भागांत बर्फातली थंडीही अडवायची असते.

फॅब्रिकेटर समजूतदार भेटला. त्याने आधी पत्रा धरणाऱ्या जे-बोल्टचे कुजलेले वायसर बदलले, मगच रॉकवूल धरायला चॅनेल (धातूच्या पट्ट्या) मारले. पत्रा आणि फॉइल यांत इंचभर पोकळी ठेवली, ती वळचणीला आणि आढ्याजवळ उघडी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. फॉइल वरच्या बाजूला, सांध्यांवर अॅल्युमिनियम टेप, खाली सिमेंट बोर्ड. 180 चौरस फुटांना मजुरीसकट 31 हजार लागले. तंतू अंगाला खाजतात, त्यामुळे त्या दोन दिवसांत गिऱ्हाइकांचे कपडे खाली पेटीत बंद करून ठेवले होते.

मशीनशेजारी टांगलेला थर्मामीटर मागच्या मे महिन्यात दुपारी तीनला 41 दाखवायचा, यंदा 36. पंख्याचा वारा आता वारा वाटतो. पावसाचा पत्र्यावरचा ताशाही दबला, रेडिओ ऐकू येतो. डोक्यावरची चार इंच उंची मात्र गेली, वळचणीकडचं कपाट आता पुरतं उघडत नाही.

गणपतीत कोपऱ्यातला एक बोर्ड उघडून बोटाने दाबून पाहिलं. रॉकवूल कोरडं होतं. खाडीकडच्या टोकाला टेपवर थेंब दिसले. तिथला वायसर दिवाळीआधी बदलून घेतेय.