एक शून्य जास्त पडलं, ताई

२ जानेवारी २०२५, गुरुवार. दुपारी साडेतीन ते चारच्या मध्ये माझ्या खात्यातून ३५,००० रुपये गेले. ते मी स्वतः पाठवले, दोनदा पिन टाकून, एका अनोळखी माणसाला. घरी बसून हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीच्या आहेत. संक्रांत, राखी, दिवाळी जवळ आली की आम्हा सगळ्यांचे फोन वाजायला लागतात, आणि त्यातला एखादा फोन असा असतो. कोणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

मी पुण्यात राहते. रबरी ठशांनी शुभेच्छापत्रं, पाकिटं, कापडी बटवे, भेटवस्तूंना बांधायच्या चिठ्ठ्या असं करून विकते. नऊ वर्षं झाली. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते. १९४० सालापासूनची ही संस्था, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. फिती, मणी, बटवे रविवार पेठेत बोहरी आळीत घेते. काही ठसे विकतचे आहेत, पारदर्शक, अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरायचे. पण देवनागरी मजकुराचे मनासारखे ठसे मला बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते मी घरीच कोरते. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ हा माझा ठसा दर संक्रांतीला चालतो. हळदीकुंकवाचं वाण म्हणून एक छोटा बटवा, आत मूठभर हलवा आणि वर हे कार्ड, असा संच ७५ रुपयांना देते.

२६ डिसेंबरला त्याचा फोन आला. आवाज तिशीतला, बोलणं अतिशय मऊ. ‘ताई, तुमचं काम बघितलं. बायकोची लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे. हॉल घेतलाय, १२० बायका येतील. वाण तुमच्याकडचंच हवंय.’ हलव्याचे दागिने दुसरीकडे सांगितलेत, काळी साडी घेऊन झाली आहे, असंही आपणहून सांगत होता. कोणाला संशय येईल? पहिल्या संक्रांतीचं कौतुक आपल्याकडे घरोघर असतं.

त्याने भाव केला नाही. पहिली खूण हीच होती आणि मी ती आनंदाने सोडून दिली. १२० संचांचे ९,००० रुपये म्हटल्यावर तो ‘चालेल’ म्हणाला. इतक्या वर्षांत शंभराच्या वरची ऑर्डर देणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने ‘थोडं कमी करा ना’ म्हटल्याशिवाय फोन ठेवलेला नाही. उलट तो कामाबद्दल विचारत राहिला. हातकागदावर शाई फुटत नाही का? बटव्यावरचा ठसा धुतल्यावर जातो का? मी वीस मिनिटं सांगत बसले. डाय शाई लगेच वाळते, पण हातकागद ती पिऊन टाकतो आणि अक्षराच्या कडा दातेरी होतात. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, उशिरा वाळते, पण अक्षर टोकदार राहतं. ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंगची पूड टाकून हीट गनने तापवली की अक्षर फुगून चमकतं. बटव्यासाठी कापडावर चालणारी शाई वेगळी, ती इस्त्रीने पक्की करायची. आपल्या कामाबद्दल इतकं कोणी विचारत नाही हो. घरातलंही कोणी विचारत नाही. त्या वीस मिनिटांनंतर तो माझ्यासाठी अनोळखी राहिला नव्हता. नंतर जे झालं त्याची तयारी इथेच झाली, असं मला आता वाटतं.

मग त्याने मागणी केली की कार्डाच्या मागे आडनावानिशी ‘कुटुंबाकडून सप्रेम’ असा ठसा हवा. नमुना पाठवा, पसंत पडला की लगेच अर्धी रक्कम देतो. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्या आडनावाच्या खऱ्या माणसांचा यात काय दोष?

तो ठसा कोरायला मला तीन संध्याकाळ लागल्या. आधी ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने सुलट लिहायचं, कागद पालथा घालून रबराच्या पट्टीवर दाबून घासायचं, म्हणजे अक्षरं आपोआप उलटी उतरतात. मग व्ही आकाराच्या बारीक कोरणीने अक्षराभोवतीचं रबर काढायचं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यात जपावी लागते, एक टवका उडाला की शब्द दुभंगतो. ‘कुटुंबाकडून’मध्ये तर तीन अक्षरांना उकार आणि वर अनुस्वार. अनुस्वार म्हणजे चारी बाजूंनी खणलेला रबराचा एक टिंब, मोहरीएवढा. कोरणी जरा तिरकी लागली की उडून जातो. माझा दोनदा उडाला, दोनदा पट्टी बदलली. तिसऱ्यांदा साधला. ३१ तारखेच्या रात्री नमुन्याचा फोटो पाठवला तर पाच मिनिटांत उत्तर : ‘ताई, डोळ्यांत पाणी आलं.’

१ तारखेला मी बोहरी आळीत जाऊन १२० बटवे घेऊन आले. हातात एक रुपया आलेला नसताना. दिवस कमी होते, आणि माणूस चांगला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. ‘ताई, आता अर्धे पैसे पाठवतो, लाइनवरच रहा.’ ४,५०० यायचे होते. फोन कानाला असतानाच ‘टिंग’ झालं, वर पट्टी आली : खात्यात ४५,००० जमा. लगेच त्याचा घाबरलेला आवाज. ‘ताई, घोळ झाला! एक शून्य जास्त पडलं. ते पैसे आईच्या ऑपरेशनचे होते हो. दवाखान्याच्या काउंटरवरच उभा आहे. ४,५०० ठेवा, बाकीचे परत पाठवा ना.’ पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आला. मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता, कोणीतरी ‘लवकर करा’ म्हणत होतं.

मला त्या क्षणी एवढंच कळलं की दुसऱ्याच्या आईचे पैसे माझ्याकडे आलेत आणि ते ठेवणं पाप आहे. मी म्हटलं, ‘भाऊ, घाबरू नका, पाठवते.’ त्याने दिलेल्या नंबरवर आधी २०,००० पाठवले, मग १५,०००. उरलेल्या साडेपाच हजारांना त्याने दुसरा नंबर दिला, ‘हा दवाखान्याचा आहे’ म्हणाला. तेवढ्यात मुलगी कॉलेजातून आली. माझा चेहरा बघून तिने फोन हातातून घेतला, कट केला आणि म्हणाली, ‘आई, आधी बॅलन्स बघ.’

खात्यात ६१,००० होते, आता २६,००० राहिले होते. ४५,००० कधी आलेच नव्हते.

आता हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण माझ्या जाऊबाईंसकट अनेकींनी मला विचारलं, ‘पैसे आले नव्हते तर तुझ्याकडून गेले कसे?’ गेले ते माझ्या साठवणीतले. खात्यात आधीपासून शिल्लक होती म्हणून व्यवहार झाला. त्यात ४,८०० रुपयेच असते, तर पहिलाच व्यवहार अडला असता आणि मी वाचले असते. व्यवहार झाला म्हणजे त्याचे पैसे आलेले असणार, असं मनाने परस्पर धरलं.

तो जमा झाल्याचा मेसेज बँकेचा नव्हता. त्याने स्वतः टाइप करून एका साध्या मोबाइलवरून पाठवलेला होता. रात्री मी तो उघडून बघितला. माझ्या बँकेचे खरे मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांखाली येतात, वर्षानुवर्षांचे सगळे एकाखाली एक. हा एकटाच वेगळा पडला होता आणि पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाइल नंबर होता. आत माझ्या खात्याचे शेवटचे आकडेही नव्हते. असणार कुठून, त्याला माझा खाते क्रमांक ठाऊकच नव्हता, मी फक्त यूपीआयचा पत्ता दिला होता. पण फोन कानाला लावलेला असताना आपण वरची पट्टी वाचतो, मेसेज उघडत नाही. त्याने मला ‘लाइनवरच रहा’ सांगितलं ते यासाठी. स्क्रीनशॉटचंही तेच, तो कोणालाही पाच मिनिटांत बनवता येतो. पैसे आले की नाही हे सांगणारी एकच जागा आहे : आपल्या स्वतःच्या अ‍ॅपमधली शिल्लक.

याच टोळ्यांचा दुसरा प्रकारही सांगते, कारण आमच्यातल्या मेणबत्त्या करणाऱ्या एका बाईला तो भेटला. तिला क्यूआर कोड पाठवला होता, ‘हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे अ‍ॅडव्हान्स तुमच्या खात्यात येईल.’ ती थांबली, वाचली. यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो, नाहीतर शिल्लक बघण्यासाठी. पैसे घेण्यासाठी काही स्कॅन करायचं नसतं आणि पिनही टाकायचा नसतो. भाजीवाल्याला आपण पैसे देतो तेव्हा पिन आपण टाकतो, तो टाकत नाही. एवढं डोक्यात पक्कं ठेवलं तरी पुरे.

मुलीने १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा हा देशभराचा नंबर आहे, आधी तो १५५२६० होता. आम्हाला फोन लावायला चार वाजून पन्नास मिनिटं झाली, कारण मधला जवळजवळ तास मी रडण्यात आणि त्यालाच पुन्हा पुन्हा फोन करण्यात घालवला. तो तास मला आजही सलतो. तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले ते तिथेच गोठवता येतात, पण चोर ते मिनिटामिनिटाला पुढच्या खात्यांत सरकवत असतो. माझ्या ३५,००० पैकी ९,२०० सापडले आणि गोठवले गेले. बाकीचे तोवर तीन खाती ओलांडून काढूनही झाले होते. हातात प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हवा, तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. रागाच्या भरात मी त्याचं चॅट पुसायला निघाले होते, मुलीने अडवलं. नंतर पोलीस ठाण्यात तेच चॅट, तेच नंबर, तोच खोटा मेसेज लागला.

बँकेतही गेले. साहेब सभ्यपणे बोलले, पण पैसे मी स्वतः माझ्या पिनने पाठवलेले होते, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. गोठवलेले ९,२०० परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागला. अर्ज, तारखा, पुन्हा अर्ज असं करत ते सप्टेंबरात खात्यात आले.

मध्येच, तक्रारीनंतर दहा-बारा दिवसांनी, आणखी एक फोन आला होता. ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम मिळाली आहे, एक अ‍ॅप टाकून घ्या.’ माझं नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर सांगितलं. अ‍ॅप स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. एकदा फसलेल्या माणसाकडे हे लोक पुन्हा येतात, कारण तो पैसे परत मिळण्यासाठी तळमळत असतो. मी फोन ठेवला आणि ज्या ठाण्यात तक्रार दिली होती तिथे स्वतः जाऊन विचारलं. असं काही नव्हतं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मनापासून सांगते. मला फसवलं ते माझ्या लोभामुळे नव्हे. एक पैसाही जास्त मिळवायला मी गेले नव्हते, दुसऱ्याचे पैसे परत करायला गेले होते. हे सांगते कारण फसलेल्या बायका घरी बोलत नाहीत. ‘तुला कळलं कसं नाही’ हे ऐकावं लागेल म्हणून गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे पुढे सरकतात. आमच्या ह्यांनी त्या संध्याकाळी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याची मला फार किंमत वाटते. घरात कोणी असं फसलं तर आधी १९३० लावा, विचारपूस मागाहून करा.

आता माझं काम असं चालतं. पैशांचं बोलणं चालू असताना मी कोणाच्याही लाइनवर राहत नाही. ‘फोन ठेवते, बघते आणि दहा मिनिटांनी मीच करते’ म्हणते. खरं गिऱ्हाईक यावर कधी रागावलेलं नाही. धंद्याचं खातं वेगळं केलंय आणि त्यात पाच हजारांच्या वर ठेवत नाही. कोणाचे जास्तीचे पैसे खरोखर आलेच, तर त्याने आपल्या बँकेत तक्रार करावी, बँकेने मला विचारावं. मी परस्पर कोणालाही परत पाठवत नाही, दवाखाना असो की आणखी काही. आणि आडनावाचा ठसा अर्धे पैसे खात्यात दिसल्याशिवाय कोरायला घेत नाही.

त्या वर्षीच्या १२० बटव्यांपैकी ७० रथसप्तमीपर्यंत किरकोळीत गेले, बाकीचे राखीला. कार्डं मी छापलीच नव्हती, त्यामुळे कागद वाया गेला नाही. ठसा मात्र ठेवलाय. पट्टी कापून आडनाव काढून टाकलं, ‘कुटुंबाकडून सप्रेम’ तेवढं राहिलं, आणि ते कोणाच्याही नावापुढे बसतं. या संक्रांतीला पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजींनी ४० कार्डं सांगितली, त्यांच्या मागे तोच ठसा लावला. अनुस्वार अजून शाबूत आहे.