बँक की क्रेन? फळ्यावर कोणता शब्द लिहावा

'एक शब्द, अनेक अर्थ' शिकवायला तास एकच आहे. इंग्रजीचे बहुतेक शिक्षक डोळे झाकून 'बँक' लिहितात: पैशांची बँक आणि नदीचा काठ. शाळेच्या वर्गासाठी मी 'क्रेन' घेईन.

आधी घरातले दोन शब्द बघा. 'ती नाव' आली 'नौ'पासून, 'ते नाव' आलं 'नामन्'पासून. दोघांचं नातं नाही, उच्चार तेवढा जुळला. 'पान' मात्र एकच. झाडाचं, विड्याचं, वहीचं आणि पंगतीत वाढलेलंही.

बँक 'नाव'सारखी दिसते. कोशांत तिच्या वेगवेगळ्या नोंदी असतात. पैशांची बँक इटालियन 'बांका'वरून आली, म्हणजे सराफ ज्यावर व्यवहार करायचे तो बाक. नदीकाठची बँक स्कँडिनेव्हियन भाषांकडून आली. पण आणखी मागे गेलात की दोन्ही एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या, त्या) मुळाशी पोचतात! आणि आपला 'बाक' हा पोर्तुगीज 'बांको'चा, म्हणजे त्याच घराण्यातला. मुलं ज्या शब्दावर बसलेली असतात तोच फळ्यावर असतो. गोष्ट सुरेख आहे, पण ती सांगण्यात तास संपतो आणि 'मग हे दोन शब्द की एकच?' हा प्रश्न तसाच राहतो. कॉलेजात तो राहिलेला उत्तम. शिवाय ब्लड बँक, डेटा बँक, वळताना कलणारं विमान, असा तिचा पसाराही मोठा.

क्रेनचा पसारा लहान: पक्षी (आपला सारस त्यातलाच), यंत्र, आणि क्रियापद म्हणून मान उंचावून बघणं. यंत्राला नाव पक्ष्यावरून पडलं. प्राचीन ग्रीकांचा 'गेरानोस'ही दोघांना चालायचा. मराठीत फक्त यंत्र आलं, त्यामुळे मुलांना ते ठाऊक असतं. गोंदियाच्या भातशेतातल्या सारसाचा फोटो दाखवा, दुवा मुलं स्वतःच जोडतील. हे काम बँकेकडून होत नाही.

अडचण एकच. क्रेन म्हणजे बगळा, असं कुणीतरी हमखास म्हणतं. तेव्हा दोघांचे उडतानाचे फोटो शेजारी ठेवा: बगळा मान दुमडून उडतो, सारस ती सरळ पुढे ताणतो. यंत्राला कुणाचं नाव मिळालं, ते मग विचारायचं.